नऊजणींची सावली

सदस्य क्रमांक ४१७०२६ ही बाई बाजार-संशोधकांची फार लाडकी होती. तिला स्वतःला याचा पत्ता नव्हता, कारण अशी बाई नव्हतीच.

कागदोपत्री ती होती. नाव सुलभा शिंत्रे, वय त्रेसष्ट, राहणार मिरज, 'खमंगकट्टा' या पाककृतींच्या संकेतस्थळाची सहा वर्षांपासूनची सदस्य. प्रत्यक्षात त्या एका नावामागे नऊ बायका होत्या. सतारमेकर गल्लीच्या मागच्या बोळात सुलभाबाईंचं पोळी-भाजी केंद्र होतं आणि तिथून रोज एकशे चाळीस डबे जात. केंद्रात एक टॅब होता. पिठाचे हात लागू नयेत म्हणून तो दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून खिळ्याला टांगलेला असे. पासवर्ड वर भिंतीवर खडूने लिहिलेला होता. मिठाची बरणी सगळ्यांत एक, पोळपाट धुवायची घासणी एक, तसं खातंही एक. प्रत्येकीने वेगळं खातं उघडायला हवं होतं, असं त्यांच्यापैकी एकीलाही कधी वाटलं नाही.

खमंगकट्ट्यावर पाककृती होत्या, पण आठ आणे. उरलेला सल्ला होता. गुडघ्याला काय बांधावं, मुलगा बोलत नाही तर काय करावं, नेसलेल्या साडीवरचा डाग कसा काढावा. बायका विचारत, बायकाच उत्तर देत. सदस्यत्व फुकट होतं. फुकट का होतं, ते अटींच्या एकोणिसाव्या पानावर लिहिलेलं होतं.

सदस्यांची माहिती बाजार-संशोधकांना विकणं ही जुनी गोष्ट. पूर्वी ती तक्त्यांच्या रूपात विकली जाई: वय, गाव, कोणतं तेल आवडतं. २०३१ च्या सुमारास तक्ते मागे पडले. एका माणसाने तीन वर्षांत काय टाइप केलं, कोणता शब्द लिहून खोडला, कोणत्या जाहिरातीवर बोट किती वेळ थबकलं, हे सगळं एकत्र केलं तर त्यातून त्या माणसासारखं उत्तर देणारं एक प्रतिरूप यंत्रात तयार करता येतं, असं सिद्ध झालं. धंद्यात त्याला सावली म्हणत. मग घरोघरी जाऊन प्रश्न विचारायची गरज उरली नाही. नवा साबण आणायचा तर दहा हजार सावल्यांना विचारायचं. त्या कंटाळत नाहीत, चहा मागत नाहीत आणि चार मिनिटांत उत्तर देतात.

सावलीला नाव नसे, फक्त क्रमांक. पण नाव काढलं म्हणून माणूस लपत नाही, हे दोन-तीन खटल्यांनंतर लक्षात आलं आणि कायदा झाला. दर हजार सावल्यांमागे एकीची समोरासमोर पडताळणी करायची. सदस्याला चाळीस प्रश्न विचारायचे, तेच सावलीला विचारायचे. चोवीस उत्तरं जुळली तर सावली आणखी तीन वर्षं विकता येईल. त्यानंतर सावलीत काय काय आहे त्याचा उतारा सदस्याला वाचून दाखवायचा. तो ऐकल्यावर सदस्याला वाटलं तर एका सहीने सावली पुसून टाकता येईल, आणि ती विकत घेतलेल्या प्रत्येकाला बहात्तर तासांत पुसावी लागेल. सही मात्र खातेदाराचीच हवी, आणि उतारा ऐकल्यानंतरचीच.

४१७०२६ला मागणी होती ती तिच्या अफाट कुतूहलामुळे. तिला दात नव्हते आणि तिला कडक भाकरी आवडे. तिला बाळाच्या दातांची काळजी होती, तलाठी भरतीचा अभ्यास होता, गुडघेदुखी होती आणि पोहायला शिकायचं होतं. एका पीठ-कंपनीने तिच्यावर विसंबून 'बाहेरून कडक, आतून लोणी' अशी तयार भाकरी बाजारात आणली. ती सगळ्यांत आधी मिरजेतच आली. केंद्रातल्या बायकांनी एक पाकीट आणून चाखलं.

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं असंल गं?" चौऱ्याहत्तर वर्षांच्या आक्का बेडगे म्हणाल्या. "त्याला धरून माझ्यासमोर उभं करा."

त्या वर्षी टॅबवर आणखी एक विचित्र गोष्ट घडत होती. पुरणाची कृती उघडली की शेजारी वाइनच्या पेल्यांची जाहिरात येई. सहा पेल्यांवर दोन मोफत. सुलभाबाई एकेकीकडे संशयाने पाहत आणि प्रत्येकजण मन लावून कणीक मळू लागे.

*

पडताळणीचं पत्र फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. ते डब्यांच्या टोकनांबरोबर आधी शैलजाच्या हातात पडलं, कारण डब्यांची मोजदाद तिच्याकडे होती.

शैलजा मगदूम एक्कावन्न वर्षांची होती. सुलभाबाईंच्या धाकट्या भावाची, राजारामची, ती बायको. अकरा वर्षांपूर्वी राजाराम गेला. मूल नव्हतं. सुलभाबाईंनी भावजयीला आपल्या घरात आणलं, केंद्रामागची खोली दिली आणि हातात टोकनांची पेटी दिली. शैलजाच्या मोजण्यात त्या अकरा वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. एकशे चाळीस म्हणजे एकशे चाळीस.

पत्र वाचून ती खाली बसली. त्या टॅबवर तिने पाच शोध केले होते.

पहिला मागच्या वर्षीच्या जानेवारीत: 'पन्नाशीनंतर दुसरं लग्न केलं तर लोक काय म्हणतात'. शेवटचा पंधरा दिवसांपूर्वी: 'नणंदेला कसं सांगावं'. स्वतःच्या फोनवर करण्याची सोय नव्हती, कारण तो सुलभाबाईंच्या कुटुंब-खात्यावर होता आणि कुठे काय पाहिलं त्याची यादी दर महिन्याला त्यांच्याकडे येई. टॅबवर नऊजणींचे हात. त्यात पाच शोध कुणाच्या ध्यानात येणार? शिवाय शोधून झालं की ती 'मागचे शोध पुसा' दाबत असे. यादी दिसेनाशी होई. टॅबवरून होई, संकेतस्थळावरून होत नसे.

ज्याच्यासाठी हे शोध होते तो माणूस गल्लीतच राहत होता. दिगंबर लोंढे, वय छप्पन्न, बायको जाऊन सात वर्षं झालेली. तो तंबोऱ्यांना जवारी लावायचा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत, जिथे तार गुणगुणायला लागते ती केसाएवढी जागा शोधायची, हे त्याचं काम. दुपारी त्याचा डबा जाई: दोन भाकऱ्या, एक भाजी, तिखट कमी. रिकामा डबा परत पाठवू नये हे त्याच्या आईने शिकवलेलं, म्हणून एकशे चाळीस डब्यांत त्याचा एकच डबा कधी रिकामा येत नसे. आधी चिमूटभर साखर. मग दोन चिक्कू. एकदा बकुळीची फुलं. एकदा पितळी तारेचं नाजूक वेटोळं. एकदा नवीकोरी पेन्सिल आणि चिठ्ठी: 'तुमच्या टोकनावरचा आकडा पुसट येतो.'

दिवाळीत त्याने सरळ विचारलं होतं. तिने संक्रांतीपर्यंत मुदत मागितली, मग पाडव्यापर्यंत. पाडव्याला आता सहा आठवडे होते. उत्तर हो होतं. अडत होतं ते एवढंच, की वन्संना ते तिने स्वतः, आपल्या शब्दांत सांगायचं होतं आणि शब्द जमत नव्हते. आता पुण्याहून कुणीतरी येऊन ते यंत्राच्या शब्दांत वाचून दाखवणार होतं. वन्संना वाटणार, माझ्या घरात राहून, माझ्याच नावावर, मला चोरून.

तिने एक प्रयत्न केला.

"वन्सं, हे पत्र आलंय. त्या बाई आल्या की सरळ पुसायला सांगा. ते वाचतबिचत बसू नका. वेळ जाईल उगाच."

"न वाचता सही?" सुलभाबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "गॅसवाल्याच्या पावतीवर मी वाचल्याशिवाय सही करत नाही. तो दारात घाम पुसत उभा असतो तरी."

"तुमच्याबद्दल काहीबाही लिहिलेलं असलं तर?"

"मग तर वाचायलाच पाहिजे." त्यांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुला काय झालंय शैला? चार डबे कमी भरलेत की काय?"

"एकशे चाळीस आहेत," शैलजा म्हणाली आणि आत गेली.

तेव्हाच सांगता आलं असतं. पुढचे बारा दिवस ती रोज तेच ठरवत होती आणि रोज भाजीला फोडणी पडत होती.

*

पडताळणी अधिकारी ईशा नाडकर्णी फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी दुपारी दोनला आली. एकोणतीस वर्षांची, नीटनेटकी, हातात पाटीएवढं यंत्र. 'लोककौल' नावाच्या संशोधन कंपनीतर्फे ती महिन्याला वीस पडताळण्या करी. डबे गेलेले होते, परत यायला तास-दीड तास होता. नऊही बायका हजर होत्या, कारण कुणीच घरी जायला तयार नव्हतं.

"प्रश्न फक्त खातेदाराला," ईशा म्हणाली. "बाकीच्यांनी कृपया बोलू नका."

"आम्ही कुठं बोलतोय," आक्का म्हणाल्या.

पहिला प्रश्न आला. भाकरी कशी आवडते?

"मी भाकरी खात नाही," सुलभाबाई म्हणाल्या. "मला पित्त होतं."

ईशाने सावलीला तोच प्रश्न विचारला. यंत्रातून शांत, सपाट आवाज आला: "कडक. पण चावता आली पाहिजे. नाहीतर दुधात कुस्करून."

रेश्मा मुजावरने तोंडाला पदर लावला. ती अडतीस वर्षांची, केंद्रातले सगळे मसाले तिच्या हातचे, आणि परत आलेले डबे उघडून मोजून घासायला टाकायचं कामही तिच्याकडे.

नोकरीत बदल करायचा विचार आहे का? सुलभाबाई: "या वयात?" सावली: "तलाठी भरतीची जाहिरात कधी येते त्यावर." शेवटचा पाळीचा त्रास कधी झाला? सुलभाबाईंनी ईशाकडे नुसतं पाहिलं. सावली म्हणाली, "काल."

चाळीस प्रश्न संपले. जुळलेली उत्तरं अकरा. ईशाने आकडा पुन्हा तपासला. ही विभागातली सर्वोत्तम सावली होती. एवढी वाईट जुळणी तिने पाहिली नव्हती.

"काकू, हा टॅब आणखी कुणी वापरतं का?"

"आणखी कुणी नाही. आम्हीच."

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही म्हणजे आम्ही. नऊ."

"पण सदस्य एकच असतो."

"एकच आहे की. मी सदस्य आहे. या वापरतात."

"आणि पासवर्ड?"

सुलभाबाईंनी हनुवटीने भिंतीकडे खूण केली. ईशाने भिंत वाचली. मग तिने यंत्र मांडीवर ठेवलं, कपाळाला हात लावला आणि तिला हसू फुटलं. तीन वर्षं तिच्या कंपनीने, बावीस साबण-कंपन्यांनी, एका बँकेने आणि त्या भाकरीवाल्याने ज्या बाईचं मन जाणलं होतं, ती बाई म्हणजे एक खिळा आणि त्याला टांगलेली दुधाची पिशवी.

"ह्या यंत्राचं बगा," आक्का टाळी वाजवत म्हणाल्या. "नऊ बायका मिळून एक शहाणी बाई करता येत न्हाई त्याला!"

सगळ्यांचं हसून होईपर्यंत ईशा थांबली. शैलजा हसत नव्हती. तिला एक आशा दिसत होती: सावली खोटी ठरली, तर उतारा वाचायची गरजच काय?

"आता हे रद्द ना?" तिने विचारलं.

"हो. पण एक अडचण आहे." ईशा आता सावकाश, शब्द मोजून बोलत होती. "एका सावलीत अनेकांची माहिती मिसळली असेल, तर कायद्याने त्या सगळ्या हक्कदार ठरतात. उतारा सगळ्यांसमोर वाचावा लागेल. कुठलं कुणाचं ते मला कळत नाही आणि मी विचारणारही नाही. ज्याचं त्याने ओळखायचं."

शैलजाने शेगडी विनाकारण बारीक केली. एका नणंदेऐवजी आता आठजणी होत्या.

*

ईशा वाचू लागली. या सदस्येला गुडघेदुखी आहे. "माझी," एकजण म्हणाली. "माझीपण," दुसरी. पोहण्याच्या पोशाखाबद्दल बारा शोध. साठीच्या धोंडूताईंचे कान लाल झाले आणि आक्कांनी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. "पव गं पव. कृष्णामाई काय तुझ्या बापाची न्हाई व्हय?"

मद्यविषयक गोष्टींत तीव्र रस.

"हां!" सुलभाबाई ताठ बसल्या. "हे कुणाचं? ते पेले येतात रोज माझ्या पुरणाशेजारी, ते कुणामुळे?"

"शब्द काय लिहिलेत ते सांगू शकते," ईशा म्हणाली. "बोलून केलेले शोध आहेत. 'अमका दारू पितो का', 'दारू पिणाऱ्याचं तोंड कसं ओळखावं', 'तंबोरेवाले दारू पितात का'. एकूण सात वेळा."

आक्कांनी पदराचं टोक चावायला घेतलं. लिहिता येत नव्हतं म्हणून टॅबशी बोलणारी केंद्रात एकच बाई होती. शैलजाचं लक्ष तिथे नव्हतं. तंबोरेवाले हा शब्द तिच्या कानावरून गेला, पण पुढचं काय येणार याच्या धास्तीत तो आत उतरला नाही.

"मुद्दा चौदा," ईशा म्हणाली. "ही सदस्य दुसऱ्या विवाहाचा गंभीरपणे विचार करत आहे. कालावधी चौदा महिने. या विषयावरचे एकूण शोध एकशे त्रेसष्ट."

नऊजणींपैकी सहा सुवासिनी होत्या, आक्का आणि धोंडूताई साठी-पंचाहत्तरीच्या आसपासच्या. कोण ते सांगायला यंत्राची गरज नव्हती. कुणी शैलजाकडे पाहिलं नाही, आणि तेच जास्त होतं.

शैलजाच्या मनात बारा दिवस घोळवलेली वाक्यं होती. त्यातलं एकही तिला आठवलं नाही. तिला ऐकू येत होता फक्त तो आकडा, आणि तो चुकीचा होता. अकरा वर्षांत तिच्यासमोर चुकीचा आकडा कुणी नेऊ शकलं नव्हतं.

"चूक आहे," ती म्हणाली. "पाच."

"काय?" ईशाने वर पाहिलं.

"मी पाचच वेळा शोधलंय. मला तारखा पाठ आहेत. एकशे त्रेसष्ट कुठून येतील? पाच आहेत, पाच लिहा."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. तिने वन्संकडे पाहिलं. सुलभाबाई परातीतल्या कोरड्या पिठावर बोटाने रेघा ओढत होत्या.

ईशाने यादी खाली सरकवली. "आकडा बरोबर आहे, मावशी. एकशे त्रेसष्ट. तुमचे पाच असतील तर..."

"तर उरलेले एकशे अठ्ठावन्न कुणाचे?" शैलजाने विचारलं.

आठही बायका पिठाकडे, छताकडे, स्वतःच्या नखांकडे बघत होत्या.

"वाचू?" ईशाने विचारलं. कुणी नको म्हणालं नाही. "'विवाह नोंदणीला कोणती कागदपत्रं लागतात.' 'साक्षीदार म्हणून मैत्रिणी चालतात का.'"

"ते माझं," रेश्मा पुटपुटली. "आमच्या चुलतभावाच्या वेळी एका दाखल्यावरून तीन चकरा झाल्या होत्या. म्हटलं, आधीच बघून ठेवावं."

"'पन्नाशीच्या नवरीला कुठला रंग उठून दिसतो.' बोलून केलेला. एकवीस वेळा."

"मला उत्तरच धड देईना ते," आक्का म्हणाल्या. "सारखं हिरवा हिरवा. हिच्या रंगाला हिरवा न्हाई शोभत. अंजिरी पायजे."

"आक्का, तो दारूचा..." शैलजाला आता कुठे तो शब्द पोचला.

"मग बघाय नको? चांगला दिसतो म्हणून चांगला असतोय व्हय? लोकांनी सांगितलं, पीत न्हाई. तंबाखूपण न्हाई. मग गप बसले."

"तुम्हाला कसं कळलं पण?"

रेश्मा हसली. "शैलाताई, डबे उघडतं कोण? तुमच्या आधी चिक्कू मी पाहिले. बकुळीची फुलं ओली होऊ नयेत म्हणून वरच्या फळीवर मी ठेवली होती. तुम्हाला वाटलं, तिथेच आली?"

शैलजाने एकेकीकडे पाहिलं. पहिल्या साखरेपासून, म्हणजे चौदा महिने, त्या सगळ्यांना माहीत होतं. प्रत्येकीने चोरून टॅब काढला होता, चोरून विचारलं होतं आणि 'मागचे शोध पुसा' दाबून पिशवीत परत ठेवला होता, शैलजाला कळू नये म्हणून. खमंगकट्ट्याने ती माहिती बावीस साबण-कंपन्यांना विकली होती. गल्लीत ती एका माणसालाही कळली नव्हती.

"एक राहिलंय," ईशा म्हणाली. तिचा आवाज आता अधिकाऱ्याचा राहिला नव्हता. "हे टाइप करून, खोडून, पुन्हा टाइप केलेलं आहे. एकोणतीस वेळा. 'विधवा भावजयीचं कन्यादान नणंदेने केलं तर चालतं का.'"

सुलभाबाई पिठावरच्या रेघा पुसू लागल्या.

"चालतं म्हणालं का ते?" आक्कांनी विचारलं.

"पन्नास तऱ्हा सांगितल्या," सुलभाबाई म्हणाल्या. "म्हणून तर पुन्हा पुन्हा विचारत होते."

"वन्सं, मग तुम्ही मला का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. तुला ओळखते मी. राजाचं नाव घेऊन नाही म्हणाली असतीस आणि मग जन्मभर त्या 'नाही'ला चिकटून बसली असतीस." त्यांनी चष्मा काढला. "तुझं तू सांगायचं होतंस. मी वाट बघत होते. पण काय गं हे, माणसाने किती वाट बघायची? गेल्या संक्रांतीला वाटलं, आता सांगेल. तिळगूळ देऊन निघून गेलीस."

शैलजा रडली, पण थोडंच, कारण आक्का म्हणाल्या, "पिठात पाणी घालू नगं. मळायला बसवीन."

*

कायद्याप्रमाणे सावली पुसण्याआधी हक्कदारांना तिला तीन प्रश्न विचारता येत होते. पहिले दोन भाकरीवर गेले. तिसरा आक्कांनी विचारला. "ए बाई, एक्कावन्नाव्या वर्षी लगीन करावं का गं?"

यंत्राला फार विचार करावा लागला नाही.

"करावं की. विचारायचं काय त्यात? कागदपत्रं आधी जमवावीत, वयाचा दाखला, पत्त्याचा पुरावा, तीन साक्षीदार. रंग अंजिरी घ्यावा. माणूस पिणारा नसावा. पुरण आदल्या दिवशी वाटू नये, आंबतं. कन्यादान नणंदेने करावं. लोक काय म्हणतील ते म्हणतील. पोहायला शिकावं."

"ते शेवटचं माझं," धोंडूताई म्हणाल्या, आणि हसता हसता एकीच्या हातून पिठाचा डबा कलंडला.

ईशाने कागद पुढे केला, पण सहीआधी तिला एक गोष्ट सांगणं भाग होतं. अशी मिश्र सावली देशात दुसरी नव्हती. कंपनी ती गट-सावली म्हणून नोंदवायला तयार होईल. केंद्राला मोबदला म्हणून कणीक मळायचं मोठं यंत्र सुद्धा मिळू शकेल. तिने वरिष्ठांना आत्ताच विचारलं होतं.

कणीक मळायच्या यंत्राचं नाव निघताच नऊजोडी मनगटं थोडी हलली. रोज सव्वीस किलो कणीक होती.

"मग हे कोण कोण वाचणार?" सुलभाबाईंनी विचारलं.

"जो विकत घेईल तो."

"म्हणजे हिचं लग्न, हिचं पोहणं, हिची पाळी?"

"नावाशिवाय. पण हो."

सुलभाबाईंनी बाकीच्यांकडे पाहिलं. आक्कांनी बोटं मोडली. "हात हाईत अजून," त्या म्हणाल्या.

"पुसा," सुलभाबाई म्हणाल्या, आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचून त्यांनी सही केली. खात्यावर साठवलेल्या तीनशे बारा पाककृतीही त्याबरोबर जाणार होत्या. त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही. त्यांतल्या निम्म्या त्यांनीच लिहिलेल्या होत्या.

ईशा निघताना दारात थांबली. "माझीही सावली असेल कुठेतरी," ती म्हणाली. "मी कधी पाहिलेली नाही."

"बघ बाई," रेश्मा तिच्या हातात दोन पोळ्यांची पुडी देत म्हणाली. "आणि एकटी बघू नकोस."

*

दुसऱ्या दिवशी लोंढ्यांच्या डब्यात शैलजाने चिठ्ठी ठेवली. अक्षर ठळक होतं. पेन्सिल त्यानेच दिलेली होती. 'हो. पण वन्संना स्वतः येऊन विचारा.' भाजी वांग्याची होती, तिखट कमी.

साडेतीनला डबे परत आले. रेश्माने त्याचा डबा उघडला आणि तिचा चेहरा उतरला. तिने तो शेजारणीला दाखवला, तिने आक्कांना. डबा रिकामा होता. धुतलेला, पुसलेला, रिकामा. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

"पाणी तरी घालून पाठवायचं," आक्का हळू आवाजात म्हणाल्या. "मेल्यानं."

शैलजाने डबा हातात घेतला, झाकण लावलं आणि टोकन मोजायला सुरुवात केली. एकशे अडतीसवर तिचा हात थांबला, कारण दारात कुणीतरी खाकरलं.

दिगंबर लोंढे इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. एवढ्या बायका एकदम आपल्याकडे बघतात म्हटल्यावर तो एक पायरी खाली उतरला.

"डबा रिकामा आला," सुलभाबाई कडक आवाजात म्हणाल्या.

"हो. म्हणजे, डब्यात मावेना," तो म्हणाला. "म्हटलं, आपणच मागून जावं."

आक्का एवढ्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. सुलभाबाईंनी त्याला आत बोलावलं, पाट दिला आणि पहिला प्रश्न विचारला. तो दारूचाच होता.

मार्चच्या पहिल्या सोमवारी शैलजा, सुलभाबाई, रेश्मा आणि लोंढे विवाह नोंदणी कार्यालयात गेले. नोंदणी पद्धतीच्या लग्नाआधी तीस दिवस नोटीस लावावी लागते, बाहेर भिंतीवरच्या फलकावर, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही वाचता येईल अशी. नाव, वय, धंदा, पत्ता, वैवाहिक स्थिती. कारकुनाने छापील कागद शैलजासमोर सरकवला. टाचण्या त्याच्या हातातच होत्या.

"माहिती तपासून घ्या, बाई. एकदा लावली की सगळं गाव वाचतं."

शैलजाने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. शैलजा राजाराम मगदूम, वय एक्कावन्न, विधवा, पोळी-भाजी केंद्रात नोकरी. एका ठिकाणी पत्त्यातला घर क्रमांक चुकला होता. तो तिने दुरुस्त करून घेतला. मग कागद त्याच्या हातात दिला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "लावा."